पांढरा ओटा

तीन रविवार दुकानं पालथी घातल्यावर मला ओट्यासाठी हवा तसा दगड सापडला. पांढराशुभ्र क्वार्ट्झ, तेलाचाही डाग न धरणारा. आमचे हे छातीचे डॉक्टर. दगडातलं त्यांना काही कळत नाही, म्हणून लगेच हो म्हणाले.

माप लिहून घ्यायला दुकानदाराने मागच्या शेडमधून कारागिराला हाक मारली. तो भुवयांपासून चपलांपर्यंत पांढऱ्या धुळीने माखला होता. चार पावलांत त्याला धाप लागली. ह्यांना बघून तो थबकला.

"ही धूळ छातीत बसलीय, काम सोडा, असं सांगितलं होतं ना तुम्हाला?" हे हळू आवाजात म्हणाले.

"सोडणारच आहे, डॉक्टर." त्याने कानावरची पेन्सिल काढली. "सिंक कुठल्या बाजूला घ्यायचं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे तीन रविवार पाण्यात गेले हे मला तिथेच कळलं.

"दगड राहू दे," हे दुकानदाराला म्हणाले. "आम्ही स्टीलचा ओटा करू."

मीही त्यांच्यामागे निघाले. आपण बरं काम केलं असंच वाटत होतं. गाडीपाशी पोचलो तर तो कारागीर मागून आला. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत आमच्याच गाडीला धरून उभा राहिला.

"डॉक्टर, दगडच घ्या. दुसरीकडे कामाला गेलो की आधी तब्येतीचा कागद मागतात. तुम्ही दिलेला दाखवला की नको म्हणतात. इथे कुणी कागद मागत नाही."