गाळलेली पाटी

सुबोध वाचताना शब्द गिळतो, ही विमलाबाईंची जुनी तक्रार. तो लहान असताना कांदिवली स्टेशनवरून घरी येताना त्या त्याला दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावायच्या. स्वतः तिसरीतून उठलेल्या. एकेक अक्षर जुळवेपर्यंत दुकान मागे पडायचं. पण पोराने एखादी पाटी गाळली की त्यांना बरोबर कळायचं, आणि त्या त्याला तिथूनच मागे फिरवायच्या. आता पोरगं बेचाळीस वर्षांचं झालं, अंधेरीच्या ऑफिसात साहेब झालं, तरी गिळायची खोड तशीच.

कामावरून आला की चहा घेता घेता तो आईला गावाकडच्या गप्पा वाचून दाखवायचा. व्हॉट्सॅपवर फुलांच्या ढिगाखाली कामाची गोष्ट सापडेना, म्हणून गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस विद्याधर याने इंटरनेटवर चर्चेचं एक पान काढलं होतं. प्रत्येक विषयाला वेगळा कप्पा. त्यात शिरायचे तीन रस्ते होते. पानावर जाऊन वाचा, फोनमध्ये ॲप घ्या, नाहीतर दिवसभराचं सगळं एकगठ्ठा ईमेलने मागवा आणि आपलं म्हणणंही ईमेलनेच पाठवा. सुबोधने आईसाठी तिसरा रस्ता निवडला आणि ईमेलचा पत्ता स्वतःचा दिला. तुला काही करायलाच नको, म्हणाला. विमलाबाईंना ते पटलं. घरात शिकलेला मुलगा असताना यंत्राच्या नादी कोण लागणार.

त्यांना त्या गप्पांतली एकच गोष्ट हवी असायची. शिमग्याला देवीची पालखी गावात घरोघर फिरते आणि पहिली टेकते ती विमलाबाईंच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. आजेसासऱ्यांपासूनचा मान. नवरा गेल्यावर भाऊबंद कुजबुजले, बंद घराला मान कशाला. विमलाबाईंनी भर देवळात तोंड उघडलं, आणि त्यानंतर कुणी कुजबुजलं नाही. वर्षभर कुलपात असलेलं घर त्या चार दिवसांसाठी उघडायच्या, खळं स्वतःच्या हाताने सारवायच्या. यंदा देवीच्या ओटीचा खण महिन्याआधीच आणून पिशवीत ठेवला होता.

पालखीचं काय लिहिलंय, रोज विचारायच्या. अजून विषयच निघाला नाही, असं म्हणून सुबोध पुढचं वाचायचा. पाण्याची टाकी, कुणाचं बारसं, एसटीची बदललेली वेळ. शिमगा दहा दिवसांवर आला तरी विषय निघेना. एवढं मुकं गाव विमलाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या वनमालाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांच्या फोनवर आलेलं काहीही फोनच वाचून दाखवायचा, आणि त्या मुद्दाम दार उघडं टाकून ऐकत बसायच्या. विमलाबाईंना त्याचा चांगलाच राग होता. पण त्या दुपारी त्या आपला फोन घेऊन शेजारी गेल्या आणि म्हणाल्या, माझ्यालाही तोंड फुटू दे. वनमालाबाईंना सगळी बटणं पाठ. मंडळाच्या नोंदीत घर विमलाबाईंच्या नावावर होतं आणि फोन नंबरही त्यांचाच. कोड आला, ॲप उघडलं, फोन बोलू लागला.

पाण्याची टाकी. बारसं. मग आला विषय, पालखीचा पहिला मान. तीन आठवड्यांपूर्वीचा.

नवं आधी, जुनं मागून, असं फोन एका सुरात वाचत गेला. काकी, तुमचं मन मोठं. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. असा मान हल्ली कोण सोडतो. गुलाबाचं फूल. विद्याधरने लिहिलं होतं, काकींच्या इच्छेप्रमाणे यंदापासून पालखी पहिली वरच्या वाडीत टेकेल. चाळीस माणसं विमलाबाईंचे आभार मानत होती, आणि कशाबद्दल ते विमलाबाईंना कळत नव्हतं. सगळ्यांच्या तळाशी त्यांच्याच नावाचं पत्र होतं. माझे वय झाले. गुडघे साथ देत नाहीत. यापुढे घर उघडणे जमणार नाही, तरी हा मान दुसऱ्या घरास द्यावा, ही नम्र विनंती.

सुबोधकडून किती छान लिहून घेतलंयस गं, वनमालाबाई म्हणाल्या.

विमलाबाईंनी आपला फोन उचलला आणि त्या घरी आल्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला नम्र विनंती केली नव्हती.

संध्याकाळी सुबोध आला. चहाचा घोट घेऊन त्याने फोन काढला. टाकीला झाकण मिळालं म्हणाला. पालखीचं विचारलं तर म्हणाला, नाही, अजून काही नाही. विमलाबाईंनी आपला फोन त्याच्या कपाशेजारी ठेवला आणि बोट टेकवलं. फोनने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द गिळला नाही.

सुबोध कपात बघत बोलू लागला. दर वर्षीची रजा, मुलांच्या परीक्षा, चार दिवसांसाठी ते अख्खं घर झाडायचं. आईला विचारलं असतं तर ती ऐकणार नव्हती, म्हणून विचारलं नाही.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच केलं, आई."

विमलाबाईंनी हात पुढे केला. गावच्या घराची चावी त्याच्या जुडग्यात असायची. त्याने ती काढून दिली. त्यांनी ती पिशवीत, खणाच्या घडीत सरकवली, आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

"मी तिसरीतून उठले, याचं मला कधी वाईट वाटलं नाही, सुबोध. तुला वाचायला शिकवलं, याचं आज वाटलं."