डेन्झिलचा आवाज

"आज सांगायचं म्हणजे सांगायचं, नेव्ह. नाहीतर या दारातनं आत पाय टाकू नकोस."

बेरिलनं त्याला क्लबच्या दारातच गाठलं होतं. काळा कोट, काळी हॅट, डोळे कोरडे ठणठणीत. तिच्या नवऱ्याला, डेन्झिलला, नुकतंच दहनगृहात पोचवून सगळी मंडळी इंग्लंडातल्या बिल्स्टन गावच्या कामगार क्लबात चहा-सँडविचला जमली होती.

"तूच सांगून टाक ना पोरीला," नेव्ह पुटपुटला.

"सांगितलं काल. म्हणते, आई, तू दमलीयेस, जरा पड. माझं कोण ऐकतंय? तू बोललास तर गेनोर मानेल. आपला बाप कोण होता ते तिला कळू दे, बस्स. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडं."

नेव्हनं मान डोलावली. आजवर तिला दिलेले सगळे शब्द त्यानं मोडले होते. हा मोडायचा नाही, असं त्यानं खरोखर मनाशी धरलं.

नेव्ह ट्रँटर म्हणजे एके काळी काय प्रस्थ होतं! चंदेरी सूट, वीतभर टाचांचे बूट, पापण्यांवर चमकी. तो नुसता वळला तरी पोरी किंचाळत बेशुद्ध पडायच्या. सगळा देश त्याच्या गाण्यावर पाय आपटत नाचला. फक्त गळा तेवढा नव्हता त्याला. गळा होता मागं बास गिटार वाजवणाऱ्या डेन्झिलचा. आणि डेन्झिल दिसायला कसा, तर बुटका, विशीतच टकला, वरचा ओठ जन्मतःच फाटलेला नि टाके घालून शिवलेला. बँडचा मॅनेजर मोठा बेरकी. म्हणाला, "याचं थोबाड खपायचं नाही आणि त्याचा गळा खपायचा नाही. दोघांचा मिळून एक माणूस करू."

झालं. रेकॉर्डवर डेन्झिल गायला. टीव्हीवर तर तेव्हा सगळेच बँड रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवायचे, त्यामुळं तिथं प्रश्नच नव्हता. कार्यक्रमात डेन्झिल मागं अंधारात उभा राहून गायचा आणि नेव्हचा माईक बंद असायचा. पोरींच्या त्या कल्लोळात कुणाच्या बापाला कळतंय! डेन्झिलला मात्र सक्त ताकीद होती, कुणासमोर गुणगुणायचंसुद्धा नाही. देवमाणूस तो. बँड बुडाला, मॅनेजर मेला, तरी तो कुलपांच्या कारखान्यात मुकाट कुलपं करत राहिला. नेव्ह अजूनही समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या लोकांपुढं टेप लावून ओठ हलवत होता. लाज वाटायची त्याला, नाही असं नाही. पण दुसरं काही येतही नव्हतं. आज खरं बोललं की तेही बंद होणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

क्लबचा सेक्रेटरी हॉरेस बिंगोचे आकडे पुकारायच्या माईकवर गेला. "ए, गप्प बसा रे जरा! सँडविच कुठं पळून जात नाहीत. आपला नेव्ह दोन शब्द बोलतोय."

नेव्ह उभा राहिला. पुढच्याच टेबलाशी गेनोर बसली होती, बापासारखीच बुटकी, नाक लाल झालेलं.

"सगळा देश ज्यावर नाचला ते गाणं मी गायलं नाही," नेव्ह म्हणाला. "एकही गाणं मी गायलं नाही. तो आवाज डेन्झिलचा होता. सगळा. मी नुसते ओठ हलवले. आयुष्यभर त्याचं चोरून खाल्लं मी."

मग कोपऱ्यातली एक म्हातारी हुंदका देऊन रडायला लागली. कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळा क्लब उभा राहिला.

"काय मन आहे रे माणसाचं!"

"दोस्त असावा तर असा!"

हॉरेसनं त्याला मिठीच मारली. "अरे वेड्या, स्वतःचं सगळं नाव देऊन टाकलंस की त्याला!"

"अहो, खरं बोलतोय मी!" नेव्ह ओरडला. "थांबा, गाऊन दाखवतो. ऐका म्हणजे कळेल."

आणि तो गायला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, चालू माईकवर, स्वतःच्या गळ्यानं. तेल न घातलेलं दार करकरावं तसा आवाज निघाला. दुसऱ्या ओळीला तोही फाटला.

"गळा दाटला बिचाऱ्याचा," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी गाणं उचललं आणि सगळे पाय आपटत गायला लागले. टेबलांवरच्या कपबश्या वाजायला लागल्या. बेरिल मटकन खाली बसली. तिनं हॅट काढून मांडीवर घेतली आणि ती मुठीत चुरगळत राहिली.

गेनोर उठून नेव्हपाशी आली. त्याचा हात धरून तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला.

"थँक्यू, नेव्ह काका. पण बाबांना असलं खोटं आवडलं नसतं हं."

"गेनोर, बाळा, शपथेवर सांगतो..."

"असू दे हो, काका. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सगळे गायचे आणि बाबा नुसत्या टाळ्या वाजवायचे. त्यांना गाताच येत नव्हतं."