कडेची जागा

"दोघांनी झोपून बघा, लाजू नका," फर्निचरवाला म्हणाला. आमचा श्रीरंग नव्या पलंगावर मधोमध आडवा झाला. सवयीने मी त्याच्या उजवीकडे आणि हिने डावीकडे अंग टाकलं.

'दोघांनी' म्हणजे श्रीरंग आणि त्याची होणारी बायको हेमांगी, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ती पर्स छातीशी धरून बघत उभी होती. चौतिसाव्या वर्षीही मुलगा आमच्या मध्ये झोपतो, हे आम्ही तिच्यापासून लपवलं होतं. सांगणार तरी कसं? लग्न मोडलं असं धरून मी डोळे मिटले.

"काका, तुम्ही घोरता?" तिने विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं कसलं? भिंतीकडे तोंड केलं की मगच थांबतात," ही म्हणाली.

हेमांगी दाराकडे धावली. "आई, बाबा, या आत! यांच्याकडेही आपल्यासारखंच आहे!"

तिची आई चपला काढून वर चढली. "विहीणबाई, जरा आत सरका हो." हेमांगी तिला बिलगून आडवी झाली आणि तिने शेजारची जागा थोपटली. फर्निचरवाला मापाची टेप घेऊन आला.

तिच्या बाबांनी काही न विचारता दुसरी कड धरली. पडू नये म्हणून एक पाय जमिनीला टेकवला. मीही तसाच झोपतो. किती वर्षं झाली, असं त्यांना विचारावंसं वाटलं, पण मध्ये चौघं होती.