दुसरी गाठ

काच फुटली ती ताईला फोनमधूनच ऐकू आली.

"दंगेखोर बॉनेटवर चढलेत गं," धाकटा भाऊ म्हणाला. त्याच्या रुग्णवाहिकेत मागे दोन जखमी होते. "तुझं पान उघडतच नाहीये. नुसतं पांढरं."

शहरातले मोकळे रस्ते सांगणारं ते पान फक्त रुग्णवाहिकांच्या चालकांना दिसे. ताईचा सर्व्हर दर पाच सेकंदांनी ते नव्यानं रचून पाठवी. पण सकाळी दंगल पेटली आणि नेटवर्क असं मंदावलं, की एवढं जड पान त्यातून सरकेना.

"थांब, आवळून पाठवते." तिनं सर्व्हरला तशी आज्ञा दिली. पान दहाव्या हिश्श्यावर आलं.

"आलं, आलं! अगं पण हे काय? नुसत्या किडामुंग्या. माझं पहिलीतलं अक्षर बरं होतं."

"ते अक्षर मीच वळवून घेतलंय, गाढवा." बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. तिच्या सर्व्हरनं पान आवळलं होतं. बाहेर धाडणाऱ्या पुढच्या सर्व्हरनं ते पुन्हा आवळलं होतं. एका बोचक्याला दोन गाठी. फोन बिचारा एकच सोडत होता.

"तू गाडी पुलाकडे घाल. मी सांगते ना!"

"मला सांगशील. बाकीच्या एकोणचाळीस गाड्यांना कोण सांगेल? आधी ते नीट कर."

पत्र्यावर सळई बसली. मग दुसरी. मग जी बसली ती पत्र्यावर नव्हती.

ताईनं दुसरी गाठ सोडली. पडद्यावर गाड्यांचे क्रमांक एकेक करून हिरवे झाले. एकोणचाळीस गाड्या पुलाच्या रस्त्याला लागल्या. चाळिसावी जागची हलली नाही.

फोन अजून चालू होता. दार उपटल्याचा आवाज आला, कुणाला तरी फरफटत खाली ओढल्याचा आला. मग एक परका आवाज अगदी फोनजवळ, अडखळत वाचू लागला, "मोकळा रस्ता... रुग्णवाहिकांसाठी..."

ताईचं बोट बटणावर गेलं. तिथंच थिजलं. एकोणचाळीस गाड्यांना रस्ता कळला होता. तिनं एकदा फोनकडे बघितलं आणि दुसरी गाठ पुन्हा मारली.

"अरे, अक्षरंच पळाली!" तो माणूस ओरडला. "ए, बाकीच्या गाड्या कुठून चालल्यात? वाच, काय लिहिलंय यात!"

फटका. ताईनं डोळे मिटले.

"वाच म्हणतोय ना!"

पुन्हा फटका. मग तोंडात रक्त भरल्यासारखा श्वास.

"मला वाचता येत नाही, दादा," धाकटा म्हणाला. "कुणी शिकवलंच नाही."