ओलं जाळं

कागेहा तळ्यातला मेलेला तिलापिया मासा केळीच्या पानात गुंडाळून मैत्रिणीच्या, म्बोनेच्या तळ्यावर पोचली, तेव्हा म्बोने घमेल्यातल्या मिठाच्या पाण्यात एकेक जिवंत मासा बुडवून काढत होती.

नऊ दिवस कागेहाचे मासे मरत होते. नऊ दिवस म्बोने रोज येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तुझा कोंडाच आंबला असेल गं," असंही म्हणाली होती, आणि कागेहानं बिचारीनं कोंड्याचं अख्खं पोतं उकिरड्यावर ओतलं होतं.

तिनं पान उघडलं. माशाच्या अंगावर लाल चट्टे, कल्ल्यामागे चिकटलेल्या चपट्या उवा. घमेल्याच्या तळाशी त्याच उवा पडल्या होत्या, पसाभर.

"कधीपासून?"

"महिना झाला," म्बोने खाली बघूनच म्हणाली.

म्हणजे जाळं देण्याच्या आधीपासून. मासे पाळणाऱ्या त्यांच्या गटातल्या सात बायकांत जाळं एकच. ओल्या जाळ्यातून उवा जातात, म्हणून दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय पुढच्या घरी द्यायचं नाही, हा नियम म्बोनेनंच केलेला. आणि कागेहाला तिनं ते ओलं दिलं होतं. 'आत्ताच धुतलंय,' म्हणाली होती.

"पावसानं ऊनच नव्हतं. जाळं अडवून धरलं असतं तर सगळ्याजणींनी विचारलं असतं, का म्हणून. म्बालेच्या बाजारात माझा एक मासा कुणी घेतला नसता."

"मीठ तरी सांगायचंस!" कागेहाचा आवाज फाटला. जाळ्याचं एक वेळ तिनं गिळलं असतं. मिठाचं गिळवेना.

म्बोनेनं मिठाची पिशवी पुढे सरकवली. "घे. निम्मे तरी वाचतील. पण कुठे बोलू नकोस."

कागेहानं पिशवी घेतली. माशांसाठी. "जाळं आज माझ्याकडून पुढच्या पाळीला वुगुत्साकाकूंकडे जायचंय. त्यांना सगळं सांगणार आहे मी."

"खुळी का तू? मग तुझे मासे कोण घेईल?"

"कुणी नाही घेणार."

ती निघाली. दारी आलेल्या बाईला निदान वळणापर्यंत सोडायला जायचं, ही रीत. म्बोने हात पुसत उठली.

"बस खाली," कागेहा मागे न बघता म्हणाली. "तुझा मासा मिठात उलटा झालाय. काढ त्याला."