शेकल्याबिगर
सुंदरराव देशमुखानं हैदराबादेहून आणलेलं नवं भोंग्याचं यंत्र जत्रेत मांडलं आन् माझी हलगी लाथेनं उडवली. "ऊठ बे तात्याबा! आता माझा आवाज पार चौसाळ्यापर्यंत जाईल." माझं डोकं फिरलं, पण नजर त्या यंत्राच्या पेटीतल्या काचेच्या दिव्यांवर गेली. देशमुखानं खटका दाबला आन् माईकमधी ओरडला, पण आवाज फुटंना. "मुकं निघालं की!" म्हणत तो माईक हातात धरूनच शेजारी उभ्या आपल्या कारभाऱ्याकडं वळला. इकडं दिवे हळूहळू लाल व्हायला लागले. हलगीसुद्धा जाळावर शेकल्याबिगर बोलत न्हाई, हे मला ठावं. मी टक लावून गप बघत राहिलो. देशमुख कुजबुजला, "हा तात्याबा असा का बघायलाय? त्याच्या रानाच्या कागदावर खोटा अंगठा तुमीच उठवला, हे कुणाला बोलला न्हाईत ना?" साऱ्या जत्रेनं ते भोंग्यातून ऐकलं. मी हलगी उचलली. "मालक, आवाज पार चौसाळ्यापर्यंत गेला."