मधली खुर्ची

"हे तुम्हाला पटायचं नाही. मलाही पटलं नसतं, पण मी स्वतः तिथे बसलो होतो," असं म्हणून पेन्चो आजोबांनी अक्रोड मुठीत दाबला आणि कडकन फोडला.

गावच्या भट्टीवर तांब्याच्या हंड्यात आंबलेले आलुबुखार उकळत होते. पहिल्या धारेची राकिया दारू पडायला अजून वेळ होता. भट्टीवाला वील्को लाकडं सारत होता. चांगली खुर्ची तिथे एकच, ती आजोबांनी धरलेली. बाकीचे ओंडक्यांवर. आजोबांची बायको, नेदा आजी, मागे एका उलट्या पेटीवर बसून लसूण सोलत होती.

"सोफियातल्या औषध कंपनीनं मला बोलावलं. औषध विकणारे वेगळे. हे त्यांचे डॉक्टर, औषध पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं ते बघणारे. इमारत अशी, की तिचं दारसुद्धा गोल फिरतं. पण दाराचं सोडा. वरच्या खोलीत भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'रुग्ण मध्यभागी'."

"मग?" वील्कोनं विचारलं.

"मग काय, बसवला त्यांनी मध्यभागी. टेबल गोल. टेबलाच्या मधोमध भोक. भोकात फिरती खुर्ची. टेबलाखालून रांगत आत शिरायचं आणि भुईतून कांदा उगवावा तसं वर यायचं. भोवती सगळे डॉक्टर."

"पण तुम्हाला झालं होतं काय?"

"सांधे. बोटं गाजरासारखी ताठ. बटण लागेना, कणीक तिंबता येईना."

"तुम्ही कणीक तिंबता?"

"मुद्दा कणकेचा नाही, वील्को. त्यांच्या नव्या गोळ्यांनी बोटं वळायला लागली. या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. कंपनी देते तेवढ्याच. माझी डबी मी समोर ठेवली होती, दाखवायला."

आजोबांनी दुसरा अक्रोड फोडला.

"मागून एक डॉक्टर म्हणाला, 'आजोबा, झोप कशी लागते?' आता बोलणाऱ्याकडे पाठ करून उत्तर देणं आपल्यात बसत नाही. फिरलो. डावीकडून दुसरा, 'आजोबा, भूक?' फिरलो. उजवीकडून, 'पोट साफ होतं का?' फिरलो. प्रत्येकाला रुग्णाची काळजी. कोणी गप्प बसेना. खुर्चीला तेल नुकतंच घातलेलं. असा फिरलो, की डावीकडचा भांग उजवीकडे गेला. एका डॉक्टरच्या कॉफीतल्या दुधाचं लोणी झालं."

"शेवटी मी म्हटलं, 'थांबा, चक्कर येतेय.' झालं. सगळ्यांच्या माना एकदम खाली, लेखण्या सुरू. त्यांची मोठी डॉक्टरीण, बोरिस्लावा नावाची, चांगली बाई, तोंड बारीक करून म्हणाली, 'गोळीमुळे चक्कर. नियमाप्रमाणे आजच वर कळवायला हवं. चौकशी होईपर्यंत गोळ्या बंद.' आणि हात लांब करून तिनं डबी ओढून घेतली."

आजोबांनी टरफलं आगीत टाकली. हंडा खदखदत होता. मागे नेदा आजीचे हात थांबले होते.

"त्या डबीत बोटं होती माझी," आजोबा म्हणाले.

वील्कोनं नवं लाकूड उचललं.

"भांडला असाल तुम्ही," वील्को म्हणाला.

"डॉक्टरशी भांडून काही मिळतं का? मी म्हटलं, 'बाई, भिंतीवर तुम्हीच लिहिलंय ना? मग जरा मध्यभागी येऊन बघा.' आली बिचारी, चांगल्या कोटासकट टेबलाखालून रांगत. ती बसली खुर्चीत आणि मी जाऊन बसलो तिच्या जागी. मग मी इकडून विचारलं, 'बाई, झोप कशी लागते?' बाकीचे आधी बिचकले. पण साहेबाला प्रश्न विचारायची संधी रोज कुठे मिळते? पलीकडून आला, 'बाई, भूक?' मागून आला, 'बाई, पोट?' ती पडली संस्कारी, पाठ करून बोलेना. फिरली, फिरली, आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, 'थांबा हो, मला गरगरतंय.'"

"मी विचारलं, 'बाई, तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?'"

भट्टीवर असा हशा उठला की वील्कोच्या हातातलं लाकूड पडलं.

"डबी मिळाली परत. चक्कर त्यांनी वर कळवलीच, नियम म्हणजे नियम. पण खुर्चीच्या नावावर. आता तिथे रुग्ण कडेला बसतो, डॉक्टरांच्या कोपराला कोपर लावून."

वील्को डोळे पुसत म्हणाला, "आजोबा, यात कुठेतरी थाप आहे. कुठे ते सापडत नाही."

"शोध की. धार पडेपर्यंत वेळच आहे," असं म्हणून आजोबांनी आणखी एक अक्रोड मुठीत घेतला.

नेदा आजी उठली. सोललेल्या लसणाची वाटी तिनं वील्कोच्या हातात दिली. एकही पाकळी ठेचलेली नव्हती. शेजारची लोणच्याची बरणी कोणालाच उघडता येत नव्हती, ती तिनं उचलली, झाकण पिळून काढलं आणि खाली ठेवली.

"टेबल खरं, भोक खरं," ती म्हणाली. "बोरिस्लावाबाई रांगत आली, तेही खरं. लोणी तेवढं नव्हतं झालं. पण पेन्चो, मधल्या खुर्चीत मी होते. तू तेव्हा खाली त्या फिरत्या दारात अडकला होतास. ऊठ आता, बसू दे मला."